मी हाताने लिहिलेली फाइल

आमच्या सोसायटीच्या यादीत २०२ नंतर थेट २०५ आलं होतं. मधलं आमचं घर नव्हतंच.

यादी काही दिवाळीच्या वर्गणीची नव्हती. भाईंदर पश्चिमेतली आमची चार मजली, बिनलिफ्टची इमारत पाडून नवी बांधायची, हे दोन वर्षं भिजत पडलेलं घोंगडं एकदाचं मार्गी लागत होतं. बिल्डरकडे जाणारी सभासदांची यादी त्या रविवारी सकाळी पार्किंगमध्ये टेबलावर सह्यांसाठी ठेवली होती. ज्याचा खोली नंबर आणि क्षेत्रफळ यादीत आहे, त्याला नव्या इमारतीत त्या हिशेबाने जागा मिळणार. ज्याचं नाही, त्याने पुढची किती वर्षं हेलपाटे घालायचे ते देवालाच माहीत.

आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. तिने चष्मा लावून, बोट ठेवून यादी वाचली. वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. मग माझ्याकडे न बघता सेक्रेटरींना म्हणाली, "हमारा किधर है?"

सेक्रेटरी तळमजल्यावर राहतात, आणि इतक्या वर्षांत आमच्याशी हिंदीशिवाय बोललेले नाहीत. माणूस वाईट नाही. ते म्हणाले, "माँजी, सिस्टम में नहीं आया होगा. मैं पेन से लिख देता हूँ ना. आप साइन करो."

"पेन से नहीं," आई म्हणाली. "सबका छापा है ना? हमारा भी छाप के लाव."

"अरे माँजी, एक ही बात है."

"एक बात नाय हाय," आई सरळ मराठीवर आली. "हाताने लिवलेलं उद्या कोणी पण खोडंल."

मग सेक्रेटरींनी माझ्याकडे बघितलं आणि चारचौघांत, अगदी प्रेमाने म्हणाले, "मॅडम, ये तो आप ही की कंपनी का सॉफ्टवेअर है."

ते खरं होतं. सोसायटीला ते सॉफ्टवेअर घ्यायला मीच लावलं होतं. तेव्हा सभेत उभी राहून मी चांगलं दहा मिनिटं भाषण ठोकलं होतं. आता पार्किंगमधले सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला लाज वाटली, नंतर लगेच राग आला. माझ्यात या दोन गोष्टी नेहमी एकापाठोपाठच येतात. आई सही न करता जिना चढू लागली. पुढच्या रविवारी उरलेल्यांच्या सह्या होऊन यादी बिल्डरकडे जाणार होती. म्हणजे माझ्या हातात एक आठवडा होता.

आमचं घर कसं आहे ते सांगायला हवं. वडील रत्नागिरीकडून आले, स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला लागले आणि त्यांनी २०३ घेतलं. एक खोली आणि स्वयंपाकघर. पुढे शेजारचे राजस्थानला परत गेले तेव्हा २०४ घेतलं. त्यासाठी आईने अकरा वर्षं घरी बसून खोट्या दागिन्यांचे मणी ओवले. तिच्या बोटांची टोकं अजून जाड आहेत. मधली भिंत फोडून दार काढलं. २०४ च्या बाहेरच्या दाराला आतून कपाट लावून टाकलं. आमच्या इमारतीत अशी आणखी दोन घरं आहेत. भाईंदरला प्रत्येक जुन्या इमारतीत असतातच. त्यांना जोड फ्लॅट म्हणतात. सोसायटीच्या वहीत आमचा नंबर २०३-२०४ असा, मध्ये आडवी रेघ मारून लिहिलेला आहे. पण घरात तो नंबर कोणी उच्चारत नाही. आम्ही राहतो २०३ मध्ये. दुसरी ती 'पलीकडची खोली'. कुरिअरवाला, गॅसवाला, रिक्षावाला, सगळ्यांना दोनशेतीन. पलीकडच्या खोलीला नंबर आहे हे मलासुद्धा लाइटबिल बघितल्यावर आठवतं.

माझं ऑफिस हाटकेशला, कारखान्यांच्या गाळ्यांत, पहिल्या मजल्यावर. खाली स्टीलचे डबे घासून चकचकीत करतात. तो आवाज दिवसभर पायातून वर येतो. आम्ही आठ जण. सोसायट्यांसाठी सॉफ्टवेअर करतो: बिलं, नोटिसा, सभासदांच्या याद्या. मी तिथे मुळात फोनवर लागले. सेक्रेटरी लोकांचे फोन घ्यायचे आणि त्यांना कुठलं बटण दाबायचं ते सांगायचं, हे मी बारा वर्षं केलं. चाळिशी गाठल्यावर कोड लिहायला शिकले. तेव्हा नाकं मुरडणारे पुष्कळ होते. मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही असं लिहायला छान वाटेल, पण मी एकेकाचं नाक लक्षात ठेवलं आहे.

सोमवारी मी ती यादी कशी बनते ते शोधायला बसले. यादीचा भाग माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मुलीने लिहिला होता. मुलगी म्हणजे तीस वर्षांची बाई, दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे आलेली, कामाला चोख. तिची पद्धत सरळ होती. खोली नंबराला शंभराने भागायचं, वरचा आकडा आला तो मजला. २०२ म्हणजे दुसरा, ४०५ म्हणजे चौथा. मग मजल्याप्रमाणे छापायचं. आता 'दोनशेतीन आडवी रेघ दोनशेचार' याला शंभराने भागून दाखवा. ते काही येत नाही. यंत्र ओरडत नाही, ते फक्त 'हा आकडा नाही' असं मनातल्या मनात म्हणतं आणि त्या घराला कुठलाच मजला देत नाही. मजला नाही म्हणून ते घर कुठेच छापलं जात नाही.

"अगं, खोली नंबराला भागतेस कशी तू?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. "त्यात रेघा असतात, अक्षरं असतात. दुकानांचे नंबर जी-२ वगैरे असतात."

"मला काय माहीत?" ती म्हणाली. "लायब्ररीत आकडा लिहिलाय. हे बघ ना."

इथे थोडं थांबून सांगते. आमची एक सामाईक लायब्ररी आहे: फॉर्म, तक्ते, सभासदाचा तपशील ठेवण्याची व्यवस्था. आमची तिन्ही अ‍ॅप ती वापरतात. लायब्ररी एकदा बांधून दिली की तिच्या आत कोणी डोकावत नाही. तिच्याबरोबर एक फाइल जाते आणि ती सांगते की आत काय काय आहे, कोणता आकडा, कोणता मजकूर, कोणती तारीख. हिला टाइप डिक्लरेशन फाइल म्हणतात. स्वयंपाकघरातल्या डब्यावर चिठ्ठी असते तशी. वापरणारा डबा उघडत नाही, चिठ्ठीवर विश्वास ठेवतो.

तिने चिठ्ठी उघडून दाखवली. खोली नंबर: आकडा. फाइलच्या डोक्यावर, बदल करणाऱ्याच्या जागी, माझं नाव होतं.

आतल्या खऱ्या कोडमध्ये खोली नंबर मजकूर म्हणूनच होता, पहिल्यापासून. तो ज्याने लिहिला तो सोडून गेला. पण ही फाइल मी लिहिली होती, तीन वर्षांपूर्वी, हाताने. आणि का लिहिली तेही मला लख्ख आठवलं. खरं तर ती हाताने लिहायची गोष्टच नाही. बिल्ड करणाऱ्या, म्हणजे लिहिलेला कोड बांधून चालतं अ‍ॅप तयार करणाऱ्या टूलला एक प्लगइन, म्हणजे छोटं जोडयंत्र, लावायचं असतं. ते खरा कोड वाचून दर बिल्डला ही फाइल स्वतः तयार करतं. मी तेव्हा ते प्लगइन जोडलं होतं. बिल्ड झालं, हिरवी टिकलीही आली, आणि फाइल मात्र एकही आली नाही. दोन तास झगडले. मग कंटाळून म्हटलं, मरू दे, लिहू हातानेच. टाइप करत गेले: नाव मजकूर, तारीख तारीख, खोली नंबर... नंबर म्हणजे आकडा, त्यात विचार काय करायचा? माझ्या डोक्यात दोनशेतीन होतं. जोड फ्लॅटमध्ये लहानाची मोठी झालेल्या बाईने जोड फ्लॅट गिळून टाकला होता. दुसऱ्या कोणी ही चूक केली असती तर मी त्याला वर्षभर टोमणे मारले असते.

मी सरांच्या केबिनमध्ये गेले. सर म्हणजे कंपनीचे मालक. कंपनी त्यांनीच दोन खुर्च्यांवर सुरू केली, हे ते दर आठवड्याला सांगतात. मी सगळं सांगितलं. चूक कोणाची तेही सांगितलं.

"एवढंच ना?" ते म्हणाले. "मॅडम, तुमच्या सोसायटीचा डेटा मी आत्ता बसून नीट करून देतो. २०३ वेगळा टाकतो, २०४ वेगळा टाकतो. पाच मिनिटांचं काम आहे. रविवारी यादी घेऊन जा, आईंना खूश करा."

मी खरं सांगते, एक क्षण मला हायसं वाटलं.

"आणि बाकीच्या सोसायट्या?" मी विचारलं.

"त्यांनी कंप्लेंट केलीय का?"

"त्यांना कळलंच नसेल, सर."

"मग?"

त्या 'मग'ने माझं डोकं फिरलं. मला खूप राग आला की मी बोलायची थांबते, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. मी उठून आले आणि फोनवाल्या मुलांच्या जुन्या नोंदी उघडल्या. जिथे बारा वर्षं काढली तिथे काय शोधायचं ते मला कोणी सांगायला नको. तासाभरात तीन सापडल्या. एक नवघरची सोसायटी, एक मीरा रोडची, एक आमच्या स्टेशनजवळची. 'लिस्ट में दो फ्लॅट नहीं आ रहे.' 'जोडवाले मेंबर का नाम गायब है.' आणि तिन्हींना आमच्याकडून गेलेलं उत्तर एकच: हाताने लिहून घ्या. नोंद बंद.

ती तीन पानं छापून मी सरांच्या टेबलावर ठेवली.

"यांनी केलीय कंप्लेंट," मी म्हटलं. "आपणच त्यांना पेन दिला हातात."

त्यांनी पानं वाचली. मग हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही घराचं मनाला लावून घेतलंय."

"घराचं नाही तर कशाचं लावून घेऊ?"

मग मला काय हवं आहे ते मी सांगितलं. ती हाताने लिहिलेली फाइल काढून टाकायची. प्लगइन नीट बसवायचं, म्हणजे यापुढे कोड एक बोलतोय आणि चिठ्ठी दुसरंच, असं होणारच नाही. सरांना हे कळतं. त्यांना हेही कळतं की खरी फाइल आली की तिन्ही अ‍ॅपमध्ये जिथे जिथे खोटी गृहीत धरली आहे तिथे लाल रेघा येतील आणि ती दुरुस्त होईपर्यंत कुठलंच अ‍ॅप बिल्ड होणार नाही. पुढच्या सोमवारी त्यांना एका मोठ्या गिऱ्हाइकाला काम दाखवायचं होतं.

"ती एक ओळ बदला की हाताने," ते म्हणाले. "आकड्याचा मजकूर करा. संपलं."

"मला ती एक ओळ सापडली कारण माझं घर गेलं, सर. बाकीच्या ओळींत कोणाकोणाचं गेलंय ते मला माहीत नाही. तुम्हालापण नाही."

त्यांनी ती तीन पानं पुन्हा उचलून चाळली. शेवटी ते म्हणाले, "शुक्रवारी संध्याकाळपर्यंत. तिन्ही अ‍ॅप बिल्ड झाली पाहिजेत. नाही झाली तर जुनी फाइल परत, आणि पुन्हा हा विषय नाही. आणि तुमच्या सोसायटीचं मी वेगळं करून ठेवू ना?"

"नको," मी म्हटलं.

केबिनच्या बाहेर येऊन मी जागेवर बसले. काय बोलून बसले होते मी? जमलं नाही तर रविवारी यादीत आमचं घर नसणार, आणि आई पेनाने लिहिलेल्यावर सही करणार नाही हे मला उन्हाइतकं स्पष्ट दिसत होतं. आईच्या अकरा वर्षांच्या मण्यांवर मी पैज लावली होती. पण बाकीच्यांना पेन आणि मला छापील, हे माझ्या घशाखाली उतरलं नसतं. आईच्याही उतरलं नसतं. तिला मी यातलं काही सांगितलं नाही.

मंगळवारी प्लगइन जोडलं. बिल्ड चालवलं. हिरवी टिकली. फाइल एकही नाही. तीन वर्षांत त्याच्या स्वभावात काही फरक पडला नव्हता. चूक दाखवून ओरडणारं यंत्र परवडतं; हे हसून काहीच न करणारं फार वाईट. सरकारी खिडकीमागे बसल्याचा अनुभव मला नाही, पण बारा वर्षं फोन धरल्याचा आहे, आणि गप्प माणसाकडून उत्तर कसं काढायचं ते मला माहीत आहे. पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या तऱ्हेने, न चिडता विचारायचं. चिडायचं नंतर.

दुपारपर्यंत कारण सापडलं आणि ते इतकं फालतू होतं की मी टेबलावर हात आपटला. प्लगइन एक कॉन्फिग फाइल वाचतं, कुठला कोड बघायचा ते त्यात लिहिलेलं असतं. आमच्या मुख्य कॉन्फिग फाइलमध्ये काहीच नव्हतं. ती नुसती पुढे पाठवत होती: अ‍ॅपसाठी त्या फाइलकडे जा, टूलसाठी त्या फाइलकडे जा. प्लगइन पहिल्या दारात गेलं, तिथे 'इथे काही नाही' असं वाचलं, आणि मुकाट परत आलं. पुढच्या दारी ते गेलंच नाही. त्याला दुसऱ्या फाइलचा पत्ता थेट द्यायचा होता. एक ओळ. तीन वर्षांपूर्वी मी ही एक ओळ शोधली असती तर आईला त्या रविवारी खालून वर यादी वाचावी लागली नसती.

ती ओळ लिहिली आणि फाइलींचा पूर आला. चाचण्यांच्या फाइलींच्या चिठ्ठ्या, नमुन्यांच्या चिठ्ठ्या, त्याही दोन फोल्डर आत पुरलेल्या. बुधवारची सकाळ, काय घ्यायचं नाही ते लिहिण्यात गेली. चाचण्या वगळ, नमुने वगळ, मूळ फोल्डर हे धर. दुपारी सगळं जागच्या जागी आलं. खोली नंबर: मजकूर. माझ्या डोळ्यांसमोर, खऱ्या कोडवरून, यंत्राने लिहिलेलं. मी चहा न पिता शेजारच्या टेबलावरच्या मुलीला म्हटलं, "आता तुझं अ‍ॅप बिल्ड कर. लाल होईल. घाबरू नको."

तिने केलं. काहीही लाल झालं नाही.

सर मागे येऊन उभे राहिले होते. "बघा," ते म्हणाले. "काही प्रॉब्लेम नाहीये."

मला रडू यायचं बाकी होतं. ते जागेवर गेल्यावर मी एकेक फाइल उलगडत गेले आणि अर्ध्या तासाने हसायलाच लागले. लायब्ररीच्या पाकिटावर, म्हणजे जिथे तिचं नाव आणि आवृत्ती लिहितात त्या फाइलमध्ये, 'चिठ्ठी कुठे आहे' याचा पत्ता अजून जुनाच होता. नवी खरी फाइल तयार होऊन शेजारी पडली होती, आणि तिन्ही अ‍ॅप अजूनही माझीच खोटी वाचत होती. मीच मला आडवी आले होते.

मी पत्ता बदलला. तेवढ्याने भागलं असतं. पण मी माझी ती फाइल उघडली, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा वाचली आणि काढून टाकली. नुसती बाजूला ठेवायची सोय होती, नाव बदलून ठेवायची सोय होती. मला ती सोय नको होती. कोणी कधी घाईत असेल, कंटाळलेलं असेल, आणि मग तिच्याकडे परत जाईल. ते कोणी मीच असण्याची शक्यता जास्त.

शेजारणीने पुन्हा बिल्ड केलं. पडदा वरपासून खालपर्यंत लाल झाला. सगळ्यात वर ती ओळ होती, शंभराने भागण्याची: मजकुराला भागता येत नाही.

"बाप रे," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, स्क्रीनकडेच बघत: "तू म्हणाली होतीस आकडा आहे."

"हो."

"मी तुझ्यावर विश्वास ठेवून लिहिलं ना सगळं. सर मला बोलणार आता."

"मी सांगितलेलं चुकीचं होतं," मी म्हटलं. "तुझं काही चुकलेलं नाही. सरांना मी सोमवारीच सांगितलंय, आज पुन्हा सांगते, तुझ्यासमोर." आणि तिला घेऊन केबिनमध्ये जाऊन मी ते सांगितलं. ती त्या दिवशी माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलली. तिचा तो हक्क होता.

खोली नंबराशिवायही लाल होतं. आणि जे लालसुद्धा झालं नाही, कारण माझ्या फाइलमध्ये त्याची नोंदच नव्हती, ते मला जास्त लागलं. सहसभासदाचं नाव. घर दोघांच्या नावावर असेल तर दुसरं नाव. कोडमध्ये ती जागा मागाहून केली होती. माझी हाताची फाइल तशीच राहिली. त्यामुळे अ‍ॅप लिहिणाऱ्यांना असं काही आहे याचा पत्ताच नव्हता आणि कुठल्याच यादीत ते दुसरं नाव छापलं गेलं नव्हतं. ते दुसरं नाव बहुतेक बायकोचं असतं. भाईंदरपासून उत्तनच्या वाटेवरच्या डोंगरीपर्यंत जिथे जिथे आमची यादी गेली, तिथल्या किती बायका सह्या करताना आपलं नाव शोधून गप्प बसल्या असतील? आणि मी स्वतःला फार बाणेदार समजते.

गुरुवार आणि शुक्रवार आम्ही दोघींनी मिळून एकेक रेघ काढली. तिने मजला काढायची पद्धतच बदलली: आता मजला सोसायटी स्वतः भरते, नंबराला कोणी भागत नाही. मी यादीत दुसऱ्या नावाचा रकाना घातला. शुक्रवारी चार वाजता पहिलं अ‍ॅप झालं, पाचला दुसरं. तिसऱ्याने सात वाजवले. सर चावी हातात घेऊन दारात उभे होते. तिसरं हिरवं झाल्यावर त्यांनी फक्त विचारलं, "पुढच्या वेळी कोणी खोली नंबराला भागलं तर?"

"बिल्डच होणार नाही," मी म्हटलं. "माझं घर जायची वाट बघावी लागणार नाही."

"तुमची जीभ जरा..." असं म्हणून त्यांनी दिवे बंद केले. शनिवारी मात्र त्या तीन सोसायट्यांना फोन त्यांनी स्वतः केले. मी बाजूला बसून ऐकले. हाताने लिहून घ्या असं ते एकालाही म्हणाले नाहीत.

रविवारी पार्किंगमध्ये पुन्हा टेबल लागलं. सेक्रेटरींनी नवी यादी छापून आणली होती. जोडवाली तिन्ही घरं होती. घर दोघांच्या नावावर होतं तिथे दोन्ही नावं होती, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकी आपलं नाव आपल्या सुनेला दाखवत होत्या. आमची ओळ: २०३-२०४, दुसरा मजला, दोन्ही खोल्यांचं क्षेत्रफळ. सभासद वडील, कैलासवासी. पुढे आईचं पूर्ण नाव.

सेक्रेटरी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सॉफ्टवेअरवालों की मिस्टेक थी. अभी बराबर कर दिया है."

"ऐसे लोग को पैसा काय को देते हो?" चौथ्या मजल्यावरून आलेले गृहस्थ म्हणाले. "किसी का घर चला जाता तो?" दोनचार जणांनी माना हलवल्या. सेक्रेटरींनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले, म्हणजे काळजी करू नका, मी तुमचं नाव घेत नाही. मला सांभाळून घेत होते बिचारे. मीही मान खाली घालून खुर्चीत बसले होते. ऑफिसात सांगून झालंय, आता इथे कशाला, असं माझं मनाशी ठरलं होतं.

आई शेजारच्या खुर्चीवर होती. यादी तिच्या मांडीवर होती. तिने आमची ओळ वाचली, क्षेत्रफळाचा आकडा पुटपुटून पाहिला. मग माझ्याकडे झुकून विचारलं, "खरी चूक कोणाची व्हती गो?"

आईला खोटं सांगायची कला मला कधी जमली नाही. "माझी," मी म्हटलं. "मी नंबर आकडा म्हणून लिहिला. पलीकडची खोली विसरले."

तिचा अंगठा तर्जनीच्या जाड टोकावरून फिरत राहिला. मला वाटलं, आता ती म्हणेल जाऊ दे, झालं ना नीट.

"हापिसात सांगितलंस?"

"सांगितलं."

"आनी हितं?"

"इथे नाही."

"मग ऊठ," आई म्हणाली. "सही मी नंतर करते."

चौथ्या मजल्याचे गृहस्थ अजून सॉफ्टवेअरवाल्यांना शिव्या घालत होते. मी खुर्ची मागे सारली आणि उभी राहिले. ते बोलायचे थांबले. पार्किंगमधल्या चाळीसएक माणसांनी माझ्याकडे वळून पाहिलं आणि मागच्या रविवारसारखी लाज वाटेल म्हणून मी वाट पाहिली, पण ती आली नाही.

"वो मिस्टेक मेरी थी," मी म्हटलं. "कंपनी की नहीं. मेरे हाथ की." आणि मग मला मराठीतच पुढचं नीट सांगता येईल असं वाटलं, म्हणून मी पहिल्यापासून मराठीत सांगायला लागले.